रिकाम्या दिवसाची नोंद

एक

लायसन्सची फाइल जागेवर होती. तिच्यातला मजकूर तेवढा कोणीतरी बदलून ठेवला होता.

बीडच्या कोर्टासमोरच्या आपल्या टेबलाशी बसून अॅडव्होकेट यशोधरा ओव्हाळ ती तिसऱ्यांदा वाचत होती. या फाइलीत दोन पानं भरून अटी होत्या, हे तिला पक्कं ठाऊक होतं. त्या तिनेच पाच वर्षांपूर्वी भावाला समजावून दिल्या होत्या. आता तिथे चार ओळी होत्या. त्यांचा अर्थ एवढाच, की हा प्रोग्राम कोणीही घ्यावा, त्याचं काहीही करावं, कोणाला विचारायची की सांगायची गरज नाही.

प्रोग्रामचं नाव ‘बारी’, म्हणजे पाण्याची पाळी. बिंदुसरेच्या कालव्याचं पाणी पालीच्या शिवारात कोणाच्या रानात कधी जायचं आणि किती तास, हे तो ठरवायचा. तो येण्याआधी हे सगळं चावडीवर ठरायचं, आणि ज्याचा आवाज मोठा त्याचं रान आधी भिजायचं. तिचा धाकटा भाऊ अनिल याने तो लिहिला आणि विकायच्या ऐवजी इंटरनेटवर उघडा ठेवला. ज्या जागी प्रोग्राम असा उघडा ठेवतात तिला कॉम्प्युटरवाली मंडळी रेपो म्हणतात. अटींचं सार एवढंच होतं. वापरा, बदला, हवं तर विका. पण स्वतःच्या मशीनवर चालवून लोकांना सेवा देणार असाल तर केलेले बदल सगळ्यांना दाखवा, आणि ज्यांनी राबून हे केलं त्यांची नावं पुसू नका.

‘घनमेघ’ नावाच्या क्लाउड कंपनीने ‘बारी’ उचलली, तिला ‘घनजल’ असं नवं नाव दिलं आणि आठ जिल्ह्यांतल्या पाणीवापर संस्थांना ती महिन्याच्या भाड्याने द्यायला सुरुवात केली. ना बदल दाखवले, ना नावं ठेवली. आणि आता ती पालीलाच विकायला आली होती. यशोधराने महिन्यापूर्वी नोटीस धाडली होती. तिचं उत्तर आज, गुरुवारी, आलं. आमची प्रत आम्ही जानेवारीत पालीच्याच रेपोतून घेतली. त्याआधी डिसेंबरातच तुम्ही लायसन्स बिनशर्त केलेलं आहे. कृपया आपला रेपो पाहावा.

तिने पाहिला. बदलाची नोंद होती.

१९ डिसेंबर, शुक्रवार. दुपारी १२:१०. लायसन्स बदलले.

आणि नोंद करणाऱ्याचं नाव: अनिल ओव्हाळ.

दोन

पालीला ती दिवस मावळायच्या आत पोचली. गावात बातमी तिच्या आधी पोचली होती. अनिलने बारी विकली. ज्यांना त्याच्याबद्दल काहीतरी बोलायचंच होतं त्यांना ते आता उघड बोलता येत होतं. रविवारी अकरा वाजता गावच्या पाणीवापर संस्थेची सभा होती आणि तिच्यापुढे दोन ठराव होते. एक, अनिलला प्रोग्रामच्या कामातून काढणं. दोन, ‘घनजल’ घेणं.

अनिल खाटेवर पडून पत्र्यांकडे बघत होता. दुपारनंतर बीडच्या एका क्लासमध्ये तो पोरांना कॉम्प्युटर शिकवायचा. आज गेला नव्हता.

“त्या दिवशी कुठे होतास?” तिने वकिलाच्या आवाजात विचारलं.

“ताई, दहा महिन्यांपूर्वीची तारीख. कुठं असणार? इथं नाहीतर क्लासला.”

चुलीपाशी बसलेल्या त्यांच्या आईने, मालनबाईंनी, मान वर न करता सांगितलं, “लेकानं इकली असती तर आदी घरावरचे पत्रे बदलले असते.”

यशोधराने तेवढा पुरावा मनात टिपून ठेवला आणि पुढचं विचारलं. अनिलने सांगितलं ते असं. नोंदीतलं नाव आणि वेळ ज्याच्या त्याच्या मशीनवरून येते, म्हणजे कोणीही टाकावी. मात्र रेपोत शिरायची किल्ली लागते, आणि ती तिघांकडेच. एक तो स्वतः. दुसरा हनुमान, बीडला ई-सेवा केंद्र चालवणारा त्याचा शाळेपासूनचा दोस्त. सुरुवातीची दोन वर्षं ‘बारी’ त्याच्याच केंद्रातल्या मशीनवर, त्याच्याच विजेवर चालली. तिसरी तेजश्री, परळीची इंजिनिअर, जिने हिशेबाचा अवघड भाग लिहिला.

“जुनी प्रत असेल ना तुझ्या लॅपटॉपवर?”

“लॅपटॉपचा स्क्रीन गेलाय. हनुमानकडं टाकलाय दुरुस्तीला. पंधरा दिवस झाले.”

निघताना तिला एक आठवलं. अनिलला एक खोड होती. रोज प्रोग्राममध्ये काहीतरी करायचंच, दुसरं काही नाही सुचलं तरी एखाद्या ओळीला शेरा जोडायचा. तो म्हणायचा, गुरांना रोज वैरण टाकतात तसं. म्हणजे ‘बारी’च्या नोंदवहीत अनिलचं सगळं आयुष्य तारीखवार पडलेलं होतं.

ती वही तिला कागदावर हवी होती.

तीन

शुक्रवारी सकाळी हनुमानने केंद्रातली रांग थांबवून तिला खुर्ची दिली, चहा मागवला आणि न मागता सगळ्या डिसेंबरच्या नोंदी छापून दिल्या. त्याच्या बोलण्यात नेहमीचा ओलावा होता. बसस्टँडकडच्या बाजूच्या भिंतीवर पेंटर नव्या बोर्डाचा पांढरा हात मारत होता. कसला बोर्ड म्हणून तिने विचारलं तर म्हणाला, असंच, जुना फिका पडलता.

नोंदींच्या कागदावरून तिने बोट फिरवलं. १७ डिसेंबर, सकाळी सात. १८ डिसेंबर, सकाळी सव्वासात. २० डिसेंबर, सकाळी सात. रोज सकाळची एक नोंद, भाकरीवर मीठ असावं तशी. एकोणीस तारखेला मात्र सकाळची नोंद नव्हती. होती ती दुपारची एकच, लायसन्सची.

“तुला काही आठवतं का रे?”

हनुमानने पेपरवेट उगाच इकडचा तिकडे केला. “ताई, तुमी इचारायला नको होतं.”

“का?”

“दोस्ताच्या इरुद्ध कसं बोलू? पन खोटं तरी कसं बोलू. त्या दिवशी दुपारी बाराच्या टायमाला अनिल हितंच बसलता. त्या कोपऱ्यातल्या मशीनवर. म्हनला, हनम्या, धा मिनटं बसू दे. मी कशाला इचारू, काय करतोस म्हनून?” त्याने डोळे पुसले. “कोनी फसवलं असंल त्याला. तेजश्रीच्या पुन्याच्या नोकरीचं बघा जरा. घरी बसून कोनाचं काम करती ती, कोनाला ठाव.”

यशोधराने कागद घडी करून पर्समध्ये ठेवले. कोर्टात अनेक साक्षीदार तिने पाहिले होते. पक्षकाराला रडत रडत बुडवणारा साक्षीदार उलटतपासात शेवटपर्यंत टिकतो, हे ती शिकली होती.

तिच्या भावाविरुद्ध आता कागदही होता आणि माणूसही.

चार

(हे प्रकरण रिकामं आहे.)

पाच

संस्थेचे अध्यक्ष विजयसिंह यांची जबानी. शुक्रवार दुपार, त्यांच्या गोठ्यासमोर.

घनमेघला गावात कोणी आणलं? – मीच. आपणहून फोनवर फोन यायचे त्यांचे. म्हणलं, या.

का? – वकीलबाई, माझ्या मागं चाळीस जण पाण्यासाठी फिरतात. अनिलची बारी एकदा बंद पडली तर तो क्लासवरून येईपर्यंत मी शिव्या खातो. ह्यांचा माणूस फोन उचलतो म्हणे.

म्हणजे अनिलवर राग आहे? – राग कशाचा? पोरगं हुशार हाय. पण लोक म्हणतात इकली, तर मी एकटा काय म्हणू?

लायसन्स तुम्ही पाहिलं होतं? – ते काय असतं?

रेपोची किल्ली? – माझ्याकडं ट्रॅक्टरची हाय.

नोटीस पाठवायच्या आधी कोणाकोणाला ठाऊक होती? – मला तुम्ही सांगितली. टाइप हनुमानच्या केंद्रात झाली ना. बस.

एकोणीस डिसेंबरला तुम्ही कुठे होता? – कोण सांगेल? तुम्ही कुठं होता?

हा शेवटचा प्रश्न यशोधराने स्वतःसाठी टिपून घेतला. तिने घरी जाऊन डायरी पाहिली. तिच्या डायरीतही १९ डिसेंबरचं पान कोरं होतं. तारीख नाही, पक्षकार नाही, काही नाही.

ती निघताना विजयसिंहांनी तिच्या हातात एक कागद दिला होता. ‘घनजल’ने नमुना म्हणून पालीचं रब्बीचं वेळापत्रक काढून दिलं होतं, नोव्हेंबरच्या मध्यापासून जानेवारीअखेरपर्यंत. ती ते ओळीने वाचत गेली. रविवारीसुद्धा बारी होती, सणावारीसुद्धा होती. आणि मग एका ओळीपाशी तिचं बोट थांबलं.

७ जानेवारी. पाणी बंद. कारण दिलेलं नव्हतं.

सहा

पालीचा कालवा बत्तीस वर्षं आश्रुबांनी सांभाळला होता. दार कोणत्या थराला उचललं की कोणाच्या रानापर्यंत पाणी जातं, हे अनिलला त्यांनीच शिकवलं. ‘बारी’तला निम्मा शहाणपणा त्यांचा होता. शनिवारी सकाळी यशोधराने तो कागद त्यांच्यापुढे धरला आणि विचारलं, आश्रुबा मामा, सात जानेवारीला पाणी का बंद असावं?

आश्रुबांनी कागदाकडे पाहिलंच नाही. ते बोटांच्या पेरांवर मोजायला लागले. “ही येती अमुश्या लक्ष्मीपूजनाची. तिच्या फुडची कार्तिकातली. तिच्या फुडची मार्गेसरातली.” अंगठा तिसऱ्या पेरावर थांबला. “सात जानेवारी म्हंजी तीच. औंदा अधिक महिना झाला न्हाई का, म्हनून लांबली.”

“पण अमावस्येला आपल्याकडे पाणी सुटतं ना?”

“सुटतं की. आठ डिसेंबरला बी अमुश्या हाय, तितं बग, बारी असंल.” बारी होती. “ही अमुश्या येगळी, पोरी. ही येळवस. आपल्या पालीत तिचं काय न्हाई. तिकडं परळी-अंबाजोगाईच्या अंगाला हाय. त्या दिशी समदे रानात जेवायला. कडब्याची खोप, शेंगा-पाल्याची पातळ भज्जी, ताकाची आंबील. गावात कुत्रं बी ऱ्हात न्हाई, मग दार कोन उचलंल?”

यशोधरा उभी राहिली. शहरातल्या कंपनीने, पालीचा प्रोग्राम घेऊन, पालीसाठी काढलेल्या वेळापत्रकात परळीची येळवस कुठून आली?

त्याचं उत्तर एकच होतं आणि ते तिला नको होतं. परळीची म्हणजे तेजश्री. हनुमान म्हणाला तेच खरं की काय?

आश्रुबा मात्र आपल्याच नादात होते. “माझी लेक दिलीया परळीला. दरसाल बोलावती. गेल्या साली गेलतो.” त्यांनी भिंतीवरचं कॅलेंडर उचललं. त्याच खिळ्याला मागे गेल्या सालचं होतं. पाण्याचे आकडे लिहिलेलं कॅलेंडर ते टाकत नसत. शेवटचं पान काढून त्यांनी तिच्यापुढे धरलं.

एका चौकटीत शिसपेन्सिलीने लिहिलं होतं: परळी. येळवस.

चौकट एकोणीस तारखेची होती.

सात

परळीच्या एसटीत तिला खिडकी मिळाली, पण बाहेरचं काही दिसलं नाही. ती डोक्यात एकच दिवस उलगडत होती. तारीख म्हणून तो कोणालाच आठवला नव्हता, ना अनिलला, ना तिला. सण तिथीने लक्षात राहतात, खटले तारखेने, आणि या दोन वह्या माणसाच्या डोक्यात वेगवेगळ्या कप्प्यांत असतात.

औष्णिक केंद्राच्या राखेने तेजश्रीच्या खिडकीची जाळी करडी झाली होती. ती बोलायला लागली तेव्हा यशोधराने तिला मध्ये तोडलं नाही. नोकरी बँकांचे प्रोग्राम लिहिणाऱ्या पुण्यातल्या एका कंपनीत, घरून. घनमेघशी संबंध नाही. नेमणुकीचं पत्र तिने स्वतःहून पुढे केलं. आणि येळवस? हो, तिनेच घातली. वडिलांच्या तलावावरच्या संस्थेसाठी तिने ‘बारी’ची वेगळी प्रत केली होती आणि तिथे येळवशीला पाणी सोडलं तर वडिलांनी तिला घरात घेतलं नसतं.

“ती प्रतही उघडीच ठेवलीय मी, ताई. तुमच्याच अटी घालून. रस्त्यावरच आहे म्हणा ना, घेणाऱ्याने घेतली.” मग तिच्या लक्षात आलं आणि ती हसली. “म्हणजे मेल्यांनी माझी येळवससुद्धा भाड्याने लावली?”

“हस नंतर. कंपनी म्हणते, प्रत पालीहून घेतली. खोटं आहे. घेतली तुझ्याकडून. तुझ्या प्रतीवर लायसन्स कोणतं?”

“जुनंच. दोन पानी. त्याला कोणी हात लावलेला नाही.”

म्हणजे पालीच्या रेपोत कोणी काहीही बदललं असतं तरी घनमेघची सुटका नव्हती. खटला तिथेच जिंकला होता. पण अनिल सुटला नव्हता. यशोधराने हनुमानने छापलेला कागद काढला.

“पालीचे बदल तू तुझ्याकडे कधी ओढून घेतलेस?”

“शेवटचे गणपतीत.”

“मग गेल्या डिसेंबरच्या नोंदी तुझ्याकडेही असतील. लाव या कागदाशेजारी.”

प्रत्येक नोंदीला एक लांबलचक शिक्का असतो, आणि तो मागच्या नोंदीच्या शिक्क्यावरून तयार होतो. मध्ये एक जरी नोंद घुसवली तरी तिथून पुढचे सगळे शिक्के बदलतात. यशोधराला हे तेजश्रीने दोन वाक्यांत सांगितलं, आणि मग दोघी एकेक शिक्का मोठ्याने वाचू लागल्या. सतरा डिसेंबर, तोच. अठरा डिसेंबर, तोच.

एकोणीस डिसेंबर. तेजश्रीच्या स्क्रीनवर नोंदच नव्हती.

वीस डिसेंबर. तेजश्री थांबली. कागदावरचा शिक्का वेगळा होता. एकवीसचाही. महिनाअखेरपर्यंतचे सगळेच.

“गणपतीनंतर कोणीतरी मधे घुसवलीय ही,” तेजश्री म्हणाली. “पण दहा महिने मागे जाऊन नेमका हाच दिवस का निवडला?”

“कारण अनिलने ज्या दिवशी काही लिहिलं, तो दिवस त्याला ते वाचून आठवला असता. रिकामा दिवस कोणाला आठवतो?” यशोधराने पर्सची चेन लावली. “वर्षभरात असा एकच दिवस सापडला असेल त्याला. तो रिकामा का होता, एवढं मात्र त्याने विचारलं नाही. उद्या अकराच्या आत पालीला ये. तुझा फोन आण, त्यातले फोटोही.”

आठ

सभा शाळेच्या व्हरांड्यात भरली. घनमेघकडून उज्ज्वला नावाच्या बाई आल्या होत्या, नीटनेटक्या, सगळ्यांना नमस्कार करणाऱ्या. अनिल शेवटच्या खांबापाशी उभा होता. त्याच्या शेजारची सतरंजी मोकळी होती, तिथे कोणी बसलं नव्हतं. मालनबाई आल्या आणि तिथे बसल्या.

यशोधराने अध्यक्षांची परवानगी घेतली आणि आधी हनुमानला उठवलं. गुरुवारी नोटिशीचं उत्तर आलं, शुक्रवारी तू मला जे सांगितलंस ते इथे सांगशील का? हनुमानने सांगितलं. एकोणीस डिसेंबर, दुपारी बारा, कोपऱ्यातलं मशीन. आवाज या वेळीही भरून आला. व्हरांड्यात कुजबुज पसरली आणि अनिलने मान खाली घातली.

“नक्की अनिलच होता?”

“ताई, पंधरा वर्षांचा दोस्त हाय. वळखायचा न्हाई?”

मग तिने उज्ज्वलाबाईंना भिंतीवर वेळापत्रक लावायला सांगितलं आणि सात जानेवारीला पाणी बंद का, ते विचारलं. बाईंनी पुढचं-मागचं पाहून सांगितलं की सिस्टीम ते आपोआप ठरवते.

“सिस्टीमला लेक दिलीया वाटतं परळीला,” आश्रुबा म्हणाले, आणि येळवस काय ते त्यांनी सभेला समजावलं. लोक हसले. तेजश्री उठली आणि तो नियम आपण कधी, कोणासाठी लिहिला ते सांगून खाली बसली. उज्ज्वलाबाई हसत नव्हत्या. त्या भराभर लिहून घेत होत्या.

“कंपनीने पत्रात लिहिलंय, प्रत पालीहून घेतली,” यशोधरा म्हणाली. “घेतली परळीहून. तिथलं लायसन्स आजही जुनं आहे. आमच्या अटी तुमच्यावर पहिल्या दिवसापासून लागू आहेत, बाई. मग आमच्या रेपोतलं लायसन्स बदलायची गरज कोणाला पडली? ज्याला तुमची प्रत कुठली हे ठाऊक नव्हतं, पण माझी नोटीस ठाऊक होती, त्याला.”

तिने दोन्ही नोंदवह्या शेजारी शेजारी लावल्या. अठरापर्यंत एक, वीसपासून वेगळ्या. कोणी घुसवली ते शिक्के सांगत नव्हते. ते तिने सांगितलं.

“गेल्या वर्षी येळवस एकोणीस डिसेंबरला होती. त्या दुपारी अनिल परळीच्या पुढे तेजश्रीच्या रानात होता. मीही होते.” तेजश्रीने फोन अध्यक्षांच्या हातात दिला. विजयसिंहांनी चष्मा वर करून फोटो पाहिला, खालची वेळ पाहिली आणि फोन पुढच्याकडे दिला. “बीडच्या केंद्रात त्याला त्या वेळी पाहिलं असं सांगणारा माणूस एकच आहे. आणि अनिलचा लॅपटॉप, ज्यात खरी वही आहे, तोही त्याच्याकडेच आहे.”

सगळ्यांच्या माना एका दिशेला वळल्या. तेव्हा शेवटच्या खांबापासून अनिलचा आवाज आला, सभेत पहिल्यांदाच.

“हनम्या, डबा आठवतो का बे?”

हनुमानने मान वर करून त्याच्याकडे पाहिलं.

“तो... त्या दिशीचा व्हता?” तो म्हणाला.

पुढचं सगळं त्याने खाली बघत सांगितलं. कंपनीने त्याला तालुक्याची एजन्सी दिली होती, बोर्ड रंगवून होत होता. नोटीस टाइप करतानाच त्याला कळलं की हे आता मोडणार. कंपनीच्या साहेबाला तो म्हणाला, मी बघतो. “फुकटच तर दिलंय जगाला, मग कोनाचं काय जातंय, असं वाटलं. माझ्या लाइटीवर दोन वर्सं चाललं ते. माजं नाव तरी कुटं हाय?”

यशोधराने जुन्या लायसन्सचं दुसरं पान त्याच्यापुढे धरलं. खाली तीन नावं होती. अनिल ओव्हाळ. तेजश्री. तिसरं हनुमानचं, आणि त्यापुढे: ‘ज्याने जागा आणि वीज दिली.’

“दुसऱ्या पानापर्यंत तू कधी गेलाच नाहीस,” ती म्हणाली. “पुसताना आपलंच पुसलंस.”

विजयसिंहांनी दोन्ही ठराव बाजूला सारले आणि तिसरा तोंडी सांगितला, लिहून घेणाऱ्याने लिहून घेतला. कंपनीने विकायला हरकत नाही. आधी नावं लावावीत, केलेले बदल सगळ्यांना उघडे करावेत, मग पाली बोलायला बसेल. तोवर बारी अनिलची. उज्ज्वलाबाईंनी दोन्ही नोंदवह्यांच्या प्रती मागून घेतल्या आणि हे वर कळवते म्हणाल्या. यशोधराने दुसरी नोटीस आधीच लिहून आणली होती. या वेळी हाताने. ती तिने बाईंच्या हातात पोच घेऊन दिली, आणि आठही जिल्ह्यांतल्या संस्थांचे पत्ते मागून घेतले.

पुढच्या आठवड्यात हनुमानने लॅपटॉप परत केला. त्याची किल्ली काढून घ्यायच्या आधी अनिलने त्याला मशीनसमोर बसवलं. लायसन्स पूर्ववत करण्याची नोंद त्याच्याच हाताने, त्याच्याच नावाने, खऱ्या तारखेने झाली. शेरा काय टाकू, त्याने विचारलं. अनिल म्हणाला, काय केलंस ते टाक.

घुसवलेली नोंद काढून वही पहिल्यासारखी केली तेव्हा एकोणीस डिसेंबर पुन्हा रिकामा झाला.

चार

१९ डिसेंबर, शुक्रवार.

सकाळी सहाच्या गाडीने निघाल्यामुळे अनिलचं लिहायचं राहिलं. कोर्टाला सुट्टी नव्हती, पण यशोधराने तारखा पुढे घेतल्या होत्या. तेजश्रीच्या वडिलांनी दोघांना बांधावरूनच हाक मारली. ज्वारी कमरेला लागत होती. कडब्याच्या खोपीत चुना लावलेले पाच दगड मांडले होते, आंबिलाचं मडकं कांबळ्यात गुंडाळलेलं होतं. रस्त्याने जाणाऱ्या अनोळखी माणसालाही ते हात धरून जेवायला बसवत होते. नाही म्हणायची तिथे रीत नव्हती. कोणी किती खाल्लं, हेही कोणी पाहत नव्हतं.

अनिलने भज्जी तीनदा घेतली. त्याच्या मिशांना आंबील लागलेली असतानाच तेजश्रीने फोटो काढला. यशोधराने हात धुतले आणि रिकामा डबा मागितला.

“कोणाला, ताई?”

“हनुमानला बोलावलं होतं ना रे. केंद्र बंद ठेवता येत नाही म्हणाला. संध्याकाळी जाता जाता दे त्याला.”

अनिलने डबा धरला, तिने भज्जी भरली. वर बाजरीचे दोन उकडलेले उंडे बसेनात, म्हणून तिने ते दाबून बसवले आणि झाकण घट्ट लावलं.

तेव्हा बारा वाजून दहा मिनिटं झाली होती.